शाळेच्या अंगणातले जावई

वेलापर, ता. मुंद्रा, कच्छ
१८ नोव्हेंबर १९९५

ती. फईबांस,
मंजरीचा साष्टांग नमस्कार आणि जय हाटकेश.

दिवाळीत तुम्ही बांधून दिलेला मोहनथाळ वेलापरला पोचेपर्यंत निम्मा झाला. तो मी खाल्ला नाही असं म्हटलं तरी तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून म्हणत नाही.

पत्राचं कारण वेगळं आहे. आपल्या घरात विज्ञान शिकवणाऱ्या आपण आत्या-भाची दोघीच. तुम्ही जामनगरच्या मुलींच्या हायस्कुलात एकतीस वर्षं, आणि मी या शाळेत साडेपाच महिने. तर मला एकच सांगा, आठवीचं अकरावं प्रकरण तुम्ही शिकवायचात कसं? 'सजीवांतील प्रजनन.'

आमच्या शाळेत ते प्रकरण उघडतच नाही. दर जूनमध्ये हेडमास्तर त्रिवेदीसाहेब आमच्या शिपायाला, फकीरमामदला, मैद्याची खळ शिजवायला लावतात आणि सगळ्या पुस्तकांची चौऱ्याण्णव ते एकशे तीन ही पानं चिकटवून टाकतात. साहेब पाटणकडचे. माणूस वाईट नाही, नुसता लाजरा आहे. पण खळ पडली मैद्याची. तिला मुंग्या लागतात, आणि बाकी एकाही पानाला तोंड न लावता त्या नेमकं तेच प्रकरण मोकळं करून देतात. मुंग्यांकडून राहिलेलं काम नाक्यावरच्या चहाच्या किटलीची वाफ करते. पुस्तकात 'प्रकाशाचं परावर्तन' कोरं करकरीत आहे, आणि ही दहा पानं मात्र हाताळून हाताळून पापडासारखी झाली आहेत.

माझ्या वर्गात बावीस मुलगे आणि पाच मुली. पाचच म्हणून हसू नका. या गावात मुली सातवीनंतर भरतकामाला बसतात. आठवीत येऊन बसलेल्या या पहिल्याच पाच, आणि त्यांना आणायला मी जून महिनाभर दारोदार ताक पीत हिंडले आहे. शाळा समितीचे अध्यक्ष करमणबापा परवा घरी आले. गावातली सगळ्यात मोठी खजुराची, इथल्या भाषेत खारकेची, वाडी त्यांची, आणि पाचांतली सगळ्यात वात्रट मुलगी, वालबाई, त्यांची नात. खाटेवर बसून त्यांनी आधी माझ्या चहाची स्तुती केली. तेव्हाच मी समजले.

"बेन, पोरींना गणित शिकवा, इंग्रजी शिकवा, हवं तर विमान चालवायला शिकवा. पण ते चिकटवलेलं उघडलंत, तर दुसऱ्या दिवशी पाचही जणी घरी. सुईदोऱ्यात असली प्रकरणं नसतात."

मग गप्प बसावं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच ठरवलं होतं. पण गेल्या मंगळवारी खेतबाई नावाची मुलगी दिवसभर वर्गात उभी राहिली. पाय दुखतो का, तर नाही. शेवटी कानात म्हणाली, "बेन, सकाळी चुकून मुलग्यांच्या बाकावर बसले. आता मला काही होणार नाही ना?" फईबा, ती तेरा वर्षांची आहे. मला हसूही आलं आणि रात्री जेवण गेलं नाही. अर्धवट वाचलेलं हे असं डोक्यात बसतं. मला शिकवायचंच आहे, आणि पाचही मुली हातच्या जाऊ द्यायच्या नाहीत. तुमची युक्ती कळवा.

तुमची,
मंजरी

* * *

जामनगर
२७ नोव्हेंबर १९९५

चि. मंजरीस,
अनेक आशीर्वाद.

मोहनथाळ तूच खाल्लास. तुझा बापही लहानपणी असाच, तोंड भरलेलं असताना मान हलवून नाही म्हणायचा.

अगं, युक्ती कसली मागतेस? एकतीस वर्षांत माझ्या वर्गात एका मुलीची पापणी लवली नाही. आता लिहून घे. पहिलं, प्रकरणाचं नाव मोठ्यांदा तीन वेळा वाचायचं. पहिल्यांदा पोरं हसतात, दुसऱ्यांदा खोकतात आणि तिसऱ्यांदा वह्या काढतात. दुसरं, आवाज पाढ्यांचा ठेवायचा. बे एके बे म्हणताना कुणी लाजलेलं मी पाहिलं नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. ज्याला नवरा लागत नाही ते आधी शिकवायचं. हायड्राला कोंब फुटतो, यीस्टला कळी येते, बटाट्याच्या डोळ्यातून बटाटा उगवतो, शिळ्या भाकरीवर बुरशी येते. यात लग्न नाही, वऱ्हाड नाही, कुणाची अब्रू नाही. अलैंगिक प्रजनन हे अत्यंत सोवळं प्रकरण आहे. एकटीच्या संसाराला कुणी नावं ठेवत नाही, निदान पुस्तकात तरी. माझ्याकडेच बघ ना.

आणि वर्गात ताठ उभी राहा. शिक्षिकेचा पदर घसरला तर चालतो, आवाज घसरता कामा नये.

तुझी फई,
विद्यागौरी

ता. क. – मुली प्रश्न काय विचारायच्या, असं तू पुढच्या पत्रात विचारशील. माझ्या मुली प्रश्न विचारत नसत.

* * *

वेलापर
१६ डिसेंबर १९९५

ती. फईबांस,
साष्टांग नमस्कार.

तुमची पहिली युक्ती केली. प्रकरणाचं नाव तीनदा मोठ्यांदा वाचलं. पहिल्यांदा पोरं हसली, दुसऱ्यांदा जास्त हसली आणि तिसऱ्यांदा खिडकीत त्रिवेदीसाहेब उभे होते. मी लगेच फळ्यावर 'शेती' असं लिहिलं. साहेब मान डोलावून गेले.

तिसरी युक्ती मात्र सोन्यासारखी. पंधरा दिवस आमचा वर्ग शेतीच करतोय. बटाट्याचे डोळे पेरले. एकाच्या डब्यातला बाजरीचा रोटला मुद्दाम आठवडाभर विसरला, त्यावर आलेली बुरशी भिंगातून पाहिली. त्या पोराची आई डबा शोधत शाळेत आली आणि तिनंही पाहिली. मग मी त्यांना वाडीत नेलं आणि खारकेच्या बुंध्याशी फुटलेली पिल्लं दाखवली. म्हटलं, हे पिल्लू उपटून लावलं तर हुबेहूब आईसारखं झाड येतं. तेच फळ, तीच गोडी, तोच रंग. पोरांना हे आजोबांच्या मांडीवरच कळलेलं असतं. पुस्तकात तेच लिहिलंय याचंच त्यांना नवल वाटलं.

इथवर सगळं सोवळं चाललं होतं. मग वालबाईनं बोट वर केलं.

"बेन, पिल्लाला बाप लागत नाही?"

"नाही."

"मग शाळेतले जावई कशाला ठेवलेत?"

आख्खा वर्ग बाकाखाली गेला.

फईबा, हे जावई तुम्हाला सांगायला हवेत. शाळेच्या मागच्या अंगणात खारकेची दोन उंच झाडं आहेत, दोन्ही नर. त्यांना फळ येत नाही, सावली पडत नाही, पाणी मात्र रोज लागतं. म्हणून गाव त्यांना थोरले जावई आणि धाकटे जावई म्हणतं. दर फाल्गुनाच्या सुमाराला गावकरी त्यांच्या फुलोऱ्याच्या पोया कापून नेतात, आणि आपापल्या मादी झाडावर चढून फुलांच्या झुबक्यात नराची एकेक काडी खोवतात. त्याशिवाय खारेक धरत नाही. पूर्वी प्रत्येकाच्या वाडीत असा एखादा जावई असायचा. पण फळ न देणाऱ्याला पाणी कोण पाजणार? शेजाऱ्याकडे आहेच की, असं म्हणून एकेकानं आपापला तोडला, शेजाऱ्यानंही तसंच म्हणून तोडला, आणि आता सगळ्या गावाच्या खारकेची भिस्त शाळेतल्या दोघांवर आहे. पाटणकडे खारेक नसते, त्यामुळे साहेबांना यातलं ओ की ठो माहीत नाही. वर्ग कशाला हसला म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, बटाट्याला.

आता वालबाईला उत्तर द्यायचंय. म्हणजेच प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग, बापाचा. तुमच्या मुली प्रश्न विचारत नसत हे मला पटत नाही. एखादी तरी वालबाई असेलच. तिला तुम्ही काय सांगितलंत?

मंजरी

* * *

जामनगर
२३ डिसेंबर १९९५

चि. मंजरीस,
आशीर्वाद.

गुडघे दुखतात, म्हणून थोडक्यात. असा प्रश्न आला की घड्याळाकडे बघावं आणि म्हणावं, तास संपत आला, उरलेलं घरी वाचा. याला मी पळवाट म्हणत नाही, वेळेचं नियोजन म्हणते.

आणि ऐक. बटाटा झाला, रोटला झाला, पुष्कळ झालं. पुढचा भाग पोरी लग्नानंतर आपसूक शिकतात. त्या पाच जणी शाळेत राहिल्या हेच मोठं आहे. उगाच विस्तवाशी खेळू नकोस.

हवामान कोरडं आहे. तिळाच्या वड्या पाठवल्या आहेत.

फई

* * *

वेलापर
११ फेब्रुवारी १९९६

ती. फईबांस,
साष्टांग नमस्कार.

तिळाच्या वड्या पोचल्या. पत्र वाचून मात्र वाटलं, ताठ उभं राहायला सांगणारी माझी फई कुठे गेली? तरी तुमचं ऐकलं. जानेवारीभर घड्याळाकडे बघितलं. वालबाईनं एकदा शांतपणे सांगितलं, "बेन, तुमचं घड्याळ बंद आहे." खरंच बंद होतं.

आता खरी गोष्ट. गेल्या आठवड्यात जावयांना पोया आल्या, भाल्याच्या पात्यासारख्या, तपकिरी, शेंड्यात उभ्या. मधल्या सुट्टीत पोरं त्यांच्याकडे बोट दाखवून खिदळायला लागली. 'थोरल्यांनी बाशिंग बांधलं', 'धाकट्यांचा मुहूर्त कधी', हे रोजचंच. साहेबांनी फकीरमामदला विचारलं, पोरं झाडाला काय हसतात? तो बिचारा साधा माणूस, त्यानं जसं आहे तसं सांगितलं. साहेबांचे कान लाल झाले ते दुपारपर्यंत उतरले नाहीत. पुढल्या आठवड्यात तालुक्याचे तपासनीस यायचे होते. त्यांच्यासमोर शाळेच्या अंगणात असली झाडं? शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर त्यांनी फकीरमामदला वर चढवला आणि एकूण एक पोय कापून घेतली. तीस-बत्तीस असतील. गावाला पत्ता नाही, कारण मादी झाडं अजून फुलायची आहेत आणि तोवर जावयांकडे कुणी ढुंकून बघत नाही.

मी धावत गेले. म्हटलं, साहेब, हे गावाला लागतं.

"कशासाठी?"

फईबा, मी तोंड उघडलं आणि जीभ टाळूला चिकटली. मैद्याच्या खळीनं चिकटावी तशी. मी, बी.एस्सी. बी.एड., म्हणाले, "शेतीसाठी."

"शेतीला शेण लागतं, बेन," साहेब म्हणाले, आणि पोया उकिरड्यावर टाकायला सांगून घरी गेले.

मला माझी इतकी लाज वाटली की काय सांगू. एक शब्द उच्चारला असता तर पोया उकिरड्यावर गेल्या नसत्या. मग मी वालबाईच्या घरासमोरून दोनदा गेले, तिसऱ्यांदा तीच बाहेर आली. तासाभरात सगळा वर्ग पोती घेऊन उकिरड्यावर हजर. पोया फुटायच्याच बेतात होत्या, म्हणजे आतला पराग तयार होता. प्रयोगशाळेत जुन्या वर्तमानपत्रांवर आम्ही त्यांच्या काड्या सावलीत पसरल्या. तीन दिवसांनी खेतबाईच्या ओढणीतून चाळल्या. पिवळट पांढरी भुकटी निघाली, पिठापेक्षा हलकी, आणि तिला ओल्या कणकेसारखा वास. सहा बाटल्या भरल्या. बुचांना मेण लावलं आणि वर चिठ्ठ्या डकवल्या: 'मीठ'.

आणि त्या तीन दिवसांत मी प्रकरण शिकवलं, फईबा. सगळं. नराचा पराग, मादीचं फूल, बी कसं धरतं, बीमध्ये दोघांचा अंश कसा येतो, म्हणून बियांपासून आलेलं एक झाड लाल फळाचं तर दुसरं पिवळ्या फळाचं, एक गोड तर एक तुरट. मग झाडावरून प्राण्यावर आले आणि प्राण्यावरून माणसावर. तुमचा पाढ्यांचा आवाज लागलाच नाही, माझा माझाच लागला. कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या हातात चमचे होते आणि सांडलं तर वालबाई ओरडत होती. खेतबाईनं शेवटी विचारलं, "म्हणजे बाकावर बसून काही होत नाही?" म्हटलं, बाकावर बसून फक्त अभ्यास होतो, तोही क्वचित. मग मात्र सगळे हसले.

आता गावाला कळेल तेव्हा काय?

मंजरी

* * *

(कार्ड)
जामनगर
१७ फेब्रुवारी १९९६

मंजरी, मूर्ख मुली, त्या बाटल्या ताबडतोब हेडमास्तरांच्या स्वाधीन कर आणि चुकले म्हण. आपण मास्तरीण बायका, आपल्याला पगार फळ्यापुरता मिळतो. पाच मुली घरी बसल्या तर ते पाप तुझ्या माथी. कार्डावर लिहिते आहे म्हणून अधिक लिहीत नाही, पोस्टमन वाचतो. – फई

* * *

वेलापर
१० मार्च १९९६

ती. फईबांस,
साष्टांग नमस्कार.

कार्ड पोस्टमनने वाचलं. देताना म्हणाला, बेन, तुमच्या फई फार रागावल्यात, पण अक्षर सुंदर आहे.

बाटल्या दिल्या नाहीत. रागवा, पण पुढचं वाचा.

गेल्या सोमवारी मादी झाडांची फुलं उमलायला लागली आणि करमणबापा विळा आणि दोर घेऊन शाळेच्या मागे आले. वर पाहिलं. खाली पाहिलं. परत वर पाहिलं. मग त्यांनी जी हाक मारली ती मुंद्र्याच्या बंदरात ऐकू गेली असेल. अर्ध्या तासात गाव जमलं. 'तू तुझा का तोडलास?' 'तू तोडलास म्हणून!' एकमेकांच्या तोडलेल्या जावयांचा सगळा उद्धार झाला. आजूबाजूच्या गावांत विचारून आले, तर तिथेही नर मोजके, आणि ज्याच्याकडे आहेत तो आधी आपल्या झाडांना पुरवणार. फुलं उमलली की चार-पाच दिवसांत काम व्हावं लागतं. नाहीतर वर्षाची खारेक गेली.

त्रिवेदीसाहेब ऑफिसात कपाळाला हात लावून बसले होते. कुणीतरी त्यांना एकदाचं समजावून सांगितलं होतं. मी आत गेले आणि या खेपेला जीभ चिकटू दिली नाही. म्हटलं, साहेब, पराग आहे. 'मीठ' लिहिलेल्या बाटल्यांत आहे. आणि तो जमवताना प्रकरण अकरा शिकवून झालंय. साहेब म्हणाले, "मैदा फुकट गेला म्हणायचा."

दहा मिनिटांनी करमणबापा वर्गाच्या दारात. जोडे बाहेर, पागोटं काखेत, मागे गावातली वीसेक माणसं. मी मुद्दाम फळा पुसत राहिले. वालबाई उठून उभी राहिली.

"काय हवंय, बापा?"

"ते... पांढरं."

"खडू?"

"खडू नव्हे गं. ते, जावयांचं."

"जावयांचं काय?"

"वालबाई, चारचौघांत..."

"चारचौघं कुठं, बापा, सत्तावीस आहोत. नाव सांगितल्याशिवाय प्रयोगशाळेतली वस्तू मिळत नाही. साहेबांचा नियम आहे."

साहेबांचा असा काही नियम नाही. पण साहेब दारात उभे होते आणि त्यांनी चक्क मान हलवली.

बापांचा चेहरा तांबडा झाला. मग ते गरजले, "पराग दे, बये! नराचा पराग! मादीच्या फुलात पडल्यावाचून फळ धरत नाही, एवढंही तुला कळत नाही?"

"कळतं की," वालबाई म्हणाली. "पान सत्त्याण्णव, दुसरा परिच्छेद. तुम्हाला तर अख्खं प्रकरण पाठ आहे, बापा."

मागची वीस माणसं आधी हसली. मग आम्ही हसलो. बापा सगळ्यात शेवटी हसले, पण असे की खांबाला धरावं लागलं. जे काम हा माणूस चाळीस वर्षं झाडावर चढून करतोय, त्याचं नाव जमिनीवर उभं राहून त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं.

पण म्हातारा पक्का आहे. हसू ओसरल्यावर म्हणाला, "बाटलीतल्या भुकटीनं फळ धरल्याचं मी तरी ऐकलं नाही. आम्ही ताजी काडी खोवतो. बेन, करार करू. खारेक धरली तर पाचही जणी नववीत. नाही धरली तर सुईदोरा, आणि मग तुम्ही ताक प्यायला यायचं नाही."

मी हो म्हणाले. माझ्या आधी पाचही मुली हो म्हणाल्या.

पराग थोडा आणि झाडं फार. म्हणून एका भागात चार भाग माझी गुलाबाच्या वासाची टाल्कम पावडर मिसळली. मुलींनी माप धरलं आणि कापसाचे बोळे दिले. झुबक्यावर बोळा कसा झटकायचा हे गावातल्या बाप्यांना खाली उभं राहून खेतबाई शिकवत होती. आठवडाभर झाडावरून उतरणारा प्रत्येक माणूस नवऱ्यामुलासारखा घमघमत होता.

फळ धरलं की नाही ते एप्रिलअखेर कळेल. बाटलीत महिनाभर राहिलेला पराग जिवंत असेल ना, फईबा? पुस्तकात तेवढं लिहिलेलं नाही. तुम्हाला माहीत असेल.

मंजरी

* * *

जामनगर
१९ मार्च १९९६

चि. मंजरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना हसू आलं नाही.

पराग जिवंत असेल की नाही ते मला माहीत नाही. मला त्या प्रकरणातलं फारसं काहीच माहीत नाही, कारण मी ते कधी शिकवलेलं नाही. एकतीस वर्षांत एकदाही नाही. दर वर्षी बटाट्यापर्यंत यायचे, आणि मग घड्याळाकडे बघायचे. आमच्या शाळेत कुणी पानं चिकटवत नसे, मंजरी. गरजच नव्हती. तुला ज्या तीन युक्त्या लिहिल्या त्या मी मनात कितीदा घोकल्या होत्या, वापरली एकही नाही. तुझ्यावर पहिल्यांदा तपासून पाहिल्या म्हण ना.

माझ्या मुली प्रश्न विचारत नसत हेही खोटं. एकीनं विचारला होता. अठ्ठावन्न सालची गोष्ट, माझं नोकरीचं दुसरं वर्ष. निरंजना नाव. आठवीतली. एक दिवस स्टाफरूमच्या दारात आली, ओठ पांढरे पडलेले. म्हणाली, "बेन, मला रक्त येतंय. मी मरणार आहे का?" मी म्हटलं, घरी जाऊन आईला विचार. आणि घड्याळाकडे बघितलं.

तिला आई नव्हती. मला ठाऊक होतं, रजिस्टरात लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

तुझ्या खेतबाईचं वाचलं तेव्हाच हे तुला लिहायला हवं होतं. त्याऐवजी मी तुला ताठ उभं राहायला सांगितलं. फार लाज वाटते.

आता तुझी खारेक धरो. मी रोज हाटकेश्वराला त्यासाठी दिवा लावते. देवाला कारण सांगताना मीही आधी 'शेती' म्हटलं. मग दुसऱ्या दिवशी नीट सांगितलं.

तुझी,
विद्यागौरी

* * *

वेलापर
२ जुलै १९९६

ती. फईबांस,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण रिकाम्या हातानं द्यायचं नव्हतं. सोबत टोपली पाठवते आहे. वरच्या थरातली खारेक पिवळी, खालची लाल. खेतबाईच्या काकाच्या वाडीतली लाल आहे, ती आधी खा.

धरली, फईबा! झाडंच्या झाडं लगडली. पण त्याआधी करमणबापांनी आमचे प्राण कंठाशी आणले. मेच्या सुरुवातीला ते शाळेत आले, हातात एक घड. म्हणे, बघा तुमची विद्या. गावभर कशी का असेना, माझ्या दारातलं सगळ्यात गोड झाड, त्यावर हे काय आलंय? घडावर बारीक बारीक फळं, एका ठिकाणी तीन तीन चिकटलेली, आत बीच नाही. पुचाट. बापांच्या दारातलं झाड म्हणजे करारातलं मुख्य झाड.

वालबाईनं एक फळ फोडलं आणि हुंगलं. घडाचा देठ हुंगला. मग आजोबांकडे बघून म्हणाली, "बापा, या झाडाला कुठला डबा वापरलात?"

बापा पागोटं सारखं करायला लागले.

"आम्ही दिलेली पुडी वापरलीत?"

शेवटी बाहेर आलं. पोरी मोजून चमचा चमचा देतात, अध्यक्षाच्या झाडाला एवढीशी पुडी, हे काही बापांना रुचलं नव्हतं. म्हणून माझ्या टेबलावरचा भरलेला डबाच त्यांनी गुपचूप पागोट्यात घालून नेला होता आणि आपल्या लाडक्या झाडाला भरभरून माखला होता. त्यात पराग औषधालाही नव्हता. ती माझी नुसती टाल्कम पावडर होती. मी आठवडाभर तिला शोधत होते.

वालबाईनं तो घड वर्गात टांगला आणि खाली लिहिलं: 'नराशिवाय. सौजन्य, करमणबापा.' बापा तो काढायला आले आणि तिथेच उभे राहून वाचत बसले. मग म्हणाले, "राहू दे. पुढच्या पोरांना समजेल."

पाचही मुली नववीत आहेत. आठवीत यंदा अकरा जणी आल्या. मी एकाही दारात ताक प्यायले नाही. करमणबापाच फिरले. खळ या जूनमध्ये शिजली नाही. त्रिवेदीसाहेबांनी जावयांच्या भोवती दगडी पार बांधून घेतलाय आणि रोज संध्याकाळी स्वतः पाणी घालतात. त्यांनी मला विचारलं, प्रकरण अकरा शिकवाल तेव्हा मी मागे बसलो तर चालेल का? म्हटलं, चालेल, पण प्रश्न विचारायला बोट वर करावं लागेल.

आता तुमच्या पत्राबद्दल. निरंजनाचं मी दोनदा वाचलं. तुमचं पत्र मी जपून ठेवलंय. रागवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. त्या दिवशी साहेबांसमोर माझीही जीभ चिकटली होती, आणि मला तर नुसत्या पोयाच वाचवायच्या होत्या.

प्रकरण ऑगस्टच्या पहिल्या सोमवारपासून आहे. तुमचे गुडघे एस.टी. झेपतील?

मंजरी

* * *

जामनगर
९ जुलै १९९६

चि. मंजरीस,
आशीर्वाद.

खारेक पोचली. निम्मी वाटेतच संपली असं पोस्टमन म्हणाला, आणि मी विश्वास ठेवला. लाल खरंच जास्त गोड.

रविवारी चार ऑगस्टला दुपारच्या गाडीनं येते आहे. गुडघ्यांना मी विचारलं नाही, सांगितलं. मोहनथाळ दोन डबे आणते, एक वर्गासाठी, आणि त्याला कुलूप लावलेलं असेल.

मला शेवटच्या बाकावर जागा ठेव, मुलींच्या बाजूला. तुझे हेडमास्तर दुसऱ्या टोकाला बसोत. करमणबापांना यायचं असेल तर येऊ देत, पण त्यांचं पागोटं आधी तपास.

मी सांगितलेल्या तीन युक्त्या वापरू नकोस. तुझ्या आवाजात शिकव. अगदी पहिल्यापासून शिकव, मला काही येत नाही असं धरून. मुलींना पहिल्यांदा रक्त येतं तेव्हा ते का येतं, हे सांगशील तेव्हा जरा सावकाश सांग. मला ते नीट शब्दांत पाठ करायचं आहे. निरंजना आता पन्नाशीची असेल. जामखंभाळियाला राहते, पत्ता मिळाला आहे. तिच्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अडतीस वर्षं राहिलंय.

आणि मंजरी, मी बोट वर केलं, तर घड्याळाकडे बघू नकोस.

तुझी फई,
विद्यागौरी